सेवापुस्तकातलं कुटुंब

सरकारी नोकरी लागली की सेवापुस्तक उघडलं जातं आणि लग्न झालं की त्यात कुटुंबाच्या तपशिलाचं पान भरलं जातं. पत्नीचं नाव, जन्मतारीख, नातं. पुढची पंचवीस-तीस वर्षं ते पान सहसा कुणी उलटून पाहत नाही. बदल्या होतात, वेतन आयोग येतात, भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे जीपीएफच्या वार्षिक स्लिपा येतात आणि या सगळ्याच्या पाठीमागे एक घर चालत राहतं. मग कौटुंबिक न्यायालयाचा हुकूमनामा येतो आणि त्या पानावरच्या एका नावासमोर शेरा पडतो. त्या शेऱ्याने नेमकं काय काय पुसलं जातं, याची कल्पना घटस्फोट घेणाऱ्या बहुतेकांना सही करेपर्यंत नसते. पुष्कळदा वकिलांनाही नसते.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. घटस्फोटाच्या वेळी सरकारी नोकराच्या निवृत्तिलाभांची वाटणी आपल्याकडे होत नाही. ठरते ती पोटगी, आणि निवृत्तिवेतन त्या हिशेबात नवऱ्याच्या उत्पन्नाचा एक आकडा म्हणून येतं. फरक वरवर पाहता शाब्दिक वाटेल, पण सगळं त्यावरच उभं आहे. वाटणी म्हटली की मागणारी आपलं काही परत घेते. पोटगी म्हटली की तिला आपली गरज सिद्ध करावी लागते, आपलं वागणं तपासून घ्यावं लागतं आणि पुन्हा लग्न केलं तर ती रक्कम सोडून द्यावी लागते.

गंमत अशी, की हेच पेन्शन सरकारविरुद्धच्या भांडणात मात्र मालमत्ता ठरलेलं आहे. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पेन्शन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नव्हे, तो मालमत्तेचा हक्क आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्याचा निकाल लागला. निवृत्तांच्या संघटना तो दिवस अजून पेन्शनर दिन म्हणून साजरा करतात. त्या निकालाने पेन्शनकडे मागे केलेल्या सेवेचा पुढे ढकललेला मोबदला म्हणून पाहिलं. २०१३ मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात पुन्हा तेच: पेन्शन आणि ग्रॅच्युइटी ही घटनेच्या ३००-अ अनुच्छेदाखालची मालमत्ता, कायद्याच्या आधाराशिवाय सरकारला ती रोखता येणार नाही. आता हा मोबदला पुढे ढकललेला असेल, तर तो कोणत्या वर्षांतला? अर्थातच त्या वर्षांतला, ज्या वर्षांत दुसरं माणूस घर सांभाळत होतं, दर तीन वर्षांनी बदलीच्या गावी सामान बांधून जात होतं, कित्येकदा स्वतःची नोकरी सोडून. सरकारसमोर जी मालमत्ता, ती बायकोसमोर आली की नुसतं उत्पन्न कशी होते, याचं समाधानकारक उत्तर मला कुठल्याही निकालपत्रात सापडलेलं नाही.

कायद्याची रचनाच तशी आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली न्यायालय वाटू शकतं ती लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास भेट आलेली, दोघांच्या सामाईक मालकीची मालमत्ता. म्हणजे भांडीकुंडी, कपाट, काही दागिने. संसारात कमावलेल्या गोष्टींना ते कलम जवळजवळ हात लावत नाही. खरा आधार कलम २५ चा, कायम पोटगीचा: एकरकमी किंवा महिन्याच्या महिन्याला, दोघांचं उत्पन्न, मालमत्ता आणि वर्तन पाहून. हे कलम नवऱ्यालाही खुलं आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेकडे किंवा सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकेकडे बेकार नवरा पोटगी मागू शकतो आणि मागतोही. विशेष विवाह कायद्यात ती सोय फक्त पत्नीला आहे. रक्कम किती, याला ठरीव सूत्र नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम न्याय्य मानली. तेव्हापासून वकिलांच्या तोंडी तो आकडा नियमासारखा बसला आहे, पण तो नियम नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, केंद्र सरकारचा एक कर्मचारी आहे, जुन्या पेन्शन योजनेतला. नोकरी ३० वर्षांची, त्यातली २० वर्षं लग्नाची. निवृत्त होताना मूळ वेतन ८०,००० रुपये. पेन्शन त्याच्या निम्मं, म्हणजे ४०,००० आणि वर महागाई सवलत. ग्रॅच्युइटी दर सहामाहीला पाव महिन्याच्या पगाराप्रमाणे, म्हणजे ६० सहामाह्यांचे १५ पगार, महागाई भत्त्यासकट. केंद्रात तिची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख आहे. शिल्लक रजेचे पैसे, जास्तीत जास्त ३०० दिवसांचे. जीपीएफची सगळी जमा. गटविम्याची थोडी रक्कम. शिवाय पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो. सरकारी भाषेत त्याला अंशराशीकरण म्हणतात. आपल्या माणसाने १६,००० रुपये विकले, तर साठीला निवृत्त होणाऱ्याच्या ८.१९४ या गुणकाने त्याला १५ लाख ७३ हजारांच्या आसपास रोख मिळते आणि पुढची १५ वर्षं मूळ पेन्शन २४,००० वर येतं.

हे तपशील कंटाळवाणे वाटतील, पण घटस्फोटाच्या खटल्यात पैसा लपतो तो इथेच. निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आयुष्यातली सर्वांत मोठी रोकड हातात येते आणि दरमहाचा आकडा बारीक होतो. पोटगीचा अर्ज त्यानंतर चालला तर नवरा न्यायालयाला २४,००० ची पेन्शन दाखवतो. एकरकमी आलेले पैसे तोवर मुलाच्या शिक्षणात, भावाच्या नावच्या फ्लॅटमध्ये किंवा कर्जफेडीत गेलेले असतात. पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. पेन्शन विकायला तिची सही लागत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितली, हा मोठा आधार झाला. पण प्रतिज्ञापत्रात काय विचारायचं हे विचारणाऱ्याला माहीत हवं. पगाराची स्लिप पुरेशी नाही. जीपीएफची शिल्लक, रजेची शिल्लक, निवृत्तीची तारीख, पेन्शन विकलं का आणि किती, हे प्रत्येक वेगळं विचारावं लागतं.

याच आकड्यांवर दुसरा हिशेब करून बघा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत चालतं ते सूत्र असं: लग्न आणि नोकरी एकत्र चालली ती वर्षं भागिले एकूण नोकरीची वर्षं, आणि त्याचं निम्मं. आपल्या उदाहरणात २० भागिले ३०, त्याचं अर्धं, म्हणजे एक तृतीयांश. ४०,००० पैकी १३,३३३ रुपये. पोटगीच्या २५ टक्क्यांनी १०,०००. आकड्यांत फार मोठी दरी नाही आणि म्हणूनच पुष्कळ जण म्हणतात, की एवढा आटापिटा कशाला? कारण ते १३,३३३ तिचे असतात. ती नोकरी करत असली तरी, तिचं कुणाशी पटलं किंवा पटलं नाही तरी, तारखेला हजर राहण्याची तिची ताकद संपली तरी. १०,००० मात्र दर वेळी नव्याने मागावे लागतात.

आणि मागून ठरले तरी ते वसूल व्हायला हवेत. इथे आपण १८७१ सालात जाऊन पोहोचतो. त्या वर्षीच्या पेन्शन कायद्याचं कलम ११ आजही जिवंत आहे. राजकीय कारणांनी किंवा मागील सेवेबद्दल सरकारने दिलेली पेन्शन न्यायालयाच्या हुकमाने जप्त होणार नाही, असं ते सांगतं. कलम १२ म्हणतं, की पुढे मिळायच्या पेन्शनवरचा हक्क आधीच कुणाला लिहून दिला तर तो व्यवहार रद्द. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० ग्रॅच्युइटी आणि पेन्शनला तसंच संरक्षण देतं, १९२५ चा भविष्य निर्वाह निधी कायदा जीपीएफला देतो. हेतू चांगला होता. निवृत्त कारकुनाचं म्हातारपण सावकाराने गिळू नये. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या वसुलीत याच हेतूने सांगितलं, की निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत टाकले म्हणून त्यांचं संरक्षण जात नाही.

सावकारासाठी बांधलेली ही भिंत बायकोलाही आडवी येते का, हा प्रश्न उच्च न्यायालयांपुढे वारंवार आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं उत्तर स्पष्ट आहे: कलम ११ धनकोपासून वाचवण्यासाठी आहे, पत्नी ही धनको नव्हे, तेव्हा तिच्या पोटगीसाठी पेन्शनवर जप्ती आणता येते. मला हा निकाल योग्य वाटतो आणि तरीही तो पुरेसा भक्कम वाटत नाही. कलमाच्या वाक्यात ‘धनकोच्या सांगण्यावरून’ हे शब्द आहेत हे खरं, पण त्याच वाक्यात पुढे न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या पूर्ततेसाठीही जप्ती नाही, असा तुकडा आहे. नवऱ्याचा वकील नेमका तोच तुकडा वाचून दाखवतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका वाक्याचा अर्थ प्रत्येक बाईने आपापल्या खर्चाने नव्याने लावून घ्यावा, ही काही व्यवस्था नव्हे. संसदेने एक ओळ घातली तर हा वाद मिटेल.

नोकरी चालू असताना परिस्थिती पुष्कळ बरी असते, हे फारसं सांगितलं जात नाही. दिवाणी संहितेच्या त्याच कलम ६० मध्ये पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित आहे. दोन तृतीयांशापर्यंत जप्ती लागू शकते. साध्या कर्जासाठी हे प्रमाण जवळजवळ उलटं आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० खाली न्यायदंडाधिकारी थेट नियोक्त्याला पगारातून पैसे कापून पत्नीला द्यायला सांगू शकतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या १२५ आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या १४४ कलमाखाली थकबाकीसाठी तुरुंगवासही होतो. सैन्यात मार्ग आणखी वेगळा. सेना कायद्याने जवानाचा पगार न्यायालयीन जप्तीपासून वाचवला आहे, पण त्याच कायद्याच्या कलम ९० आणि ९१ खाली लष्करी अधिकारी स्वतःच पत्नी-मुलांसाठी पगारातून कपात करू शकतात. पत्नीसाठी २२ टक्क्यांपर्यंत, मुलांसकट एकूण ३३ टक्क्यांपर्यंत. सातारा-कोल्हापूरकडच्या कित्येक जणींनी कोर्टाची पायरी न चढता, कमांडिंग ऑफिसरला अर्ज करून हे मिळवलं आहे. मात्र ही कपात पगारातली. जवान पेन्शनवर आला की तो दरवाजा बंद होतो, आणि जवान चाळिशीच्या आसपासच पेन्शनवर येतो.

आता कुटुंब निवृत्तिवेतन. सगळ्या प्रश्नाचं मर्म इथे आहे असं माझं मत.

पेन्शनर वारला की त्याच्या पश्चात विधवेला साधारणपणे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, सुरुवातीची काही वर्षं वाढीव दराने. सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे, की ही रक्कम मृताच्या इस्टेटीचा भाग नाही. ती मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही, ती नियमांत लिहिलेल्या ‘कुटुंबा’लाच मिळते. घटस्फोटित पत्नी त्या व्याख्येत नाही. पंचवीस वर्षांचा संसार मोडून सहा महिन्यांत तो वारला, तरी नाही. हुकूमनाम्यात दोघांनी संमतीने लिहून घेतलं, तरी कोषागार किंवा महालेखापालांचं कार्यालय ते मानणार नाही, कारण त्यांचे हात नियमांनी बांधलेले आहेत. तो गेला की पेन्शन थांबतं आणि त्यातून चालणारी पोटगीही व्यवहारात आटते.

पण हाच नियम केंद्राच्या पेन्शन नियमांत किती वेगवेगळ्या दिशांनी वाकतो ते पाहण्यासारखं आहे. न्यायिक विभक्तता झाली असेल, म्हणजे दोघं न्यायालयाच्या आदेशाने वेगळे राहत असतील पण विवाह शाबूत असेल, तर विभक्त पत्नी अटींसह हक्कदार राहते. व्यभिचाराच्या कारणावरून विभक्तता मिळाली असेल आणि ती दोषी ठरली असेल, तर नाही. घटस्फोटित पत्नीपासूनचं पात्र मूल असेल आणि कर्मचाऱ्याने दुसरं लग्न केलेलं असेल, तर त्या मुलाला मिळतो तो हिस्सा, जो त्याच्या आईला घटस्फोट झाला नसता तर मिळाला असता. म्हणजे नियम करणाऱ्यांना तिचा हिस्सा मोजता येत होता. तो मोजून त्यांनी मुलाच्या नावे लिहिला. आणि सर्वांत विलक्षण तरतूद मुलीची. २००४ पासून घटस्फोटित मुलीला पंचवीस वर्षांच्या वयानंतरही, उत्पन्नाच्या अटीवर, आई-वडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. २०१७ मध्ये त्यात आणखी सवलत आली: आई-वडील हयात असताना घटस्फोटाचा दावा दाखल झाला असेल, तर निकाल त्यांच्या मृत्यूनंतर लागला तरी चालेल. म्हणजे एकच बाई, एकच हुकूमनामा. नवऱ्याच्या सेवापुस्तकातून ती कुटुंबाबाहेर जाते आणि वडिलांच्या सेवापुस्तकात कुटुंब म्हणून परत येते. सरकारच्या मते तिचा भार जन्मदात्यांच्या पेन्शनवर पडायला हरकत नाही. ज्या नोकरीच्या पाठीमागे ती वीस वर्षं उभी होती, त्या नोकरीच्या पेन्शनवर मात्र नको.

जानेवारी २०२४ मध्ये एक पाऊल दुसऱ्या बाजूने पडलं. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याने घटस्फोटाचा दावा किंवा कौटुंबिक हिंसाचाराची, हुंडाछळाची तक्रार दाखल केली असेल, तर आपल्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन नवऱ्याआधी मुलांना द्यावं असं ती लिहून देऊ शकते. चांगली दुरुस्ती आहे. नोकरी करणारी बाई यात वाचते. नोकरी न करणारी आहे तिथेच आहे.

या नियमांचा परिणाम गावोगाव दिसतो. बाई वीस वर्षं माहेरी राहते, पोटगीचा अर्जही सोडून देते, पण घटस्फोटाच्या कागदावर सही करत नाही. नवऱ्याकडचे लोक तिला हट्टी म्हणतात. ती हट्टी नसते, तिने हिशेब केलेला असतो. आज सही केली तर हातात येणार तीन-चार लाख, नाही केली तर त्याच्या पश्चात आयुष्यभर दरमहा पेन्शन आणि महागाई सवलत. एरवी वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या खटल्यांना आपण ‘सूडाने लांबवलेले’ म्हणतो. त्यांतल्या काहींच्या मुळाशी सूड नाही, कुटुंब निवृत्तिवेतनाचा नियम आहे. उलट बाजूला, काही समाजांत पंचांसमोर फारकत होते, शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर फारकतनामा लिहिला जातो आणि नवरा दुसरं लग्न करतो. रूढीने चालत आलेला घटस्फोट हिंदू विवाह कायद्याने राखून ठेवला असला, तरी रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते, आणि पेन्शनच्या टेबलावर त्या मुद्रांकाला किंमत नसते. मग तो वारल्यावर दोन बायका एकाच कार्यालयात येतात. राज्याच्या नियमांत विधवांनी समान वाटून घ्यावं असे शब्द असल्याने पूर्वी दुसरीलाही अर्धं मिळे. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं, की हिंदू कर्मचाऱ्याची पहिली पत्नी असताना केलेलं दुसरं लग्नच अवैध, तेव्हा दुसरीला विधवा म्हणून हक्क नाही. फारकतीवर विश्वास ठेवून लग्न केलेल्या आणि पंधरा वर्षं त्याचं दुखणंखुपणं काढलेल्या बाईला हा निकाल समजावून सांगणं सोपं नाही.

नॉमिनेशनचा गोंधळ वेगळाच. जीपीएफच्या जुन्या फॉर्मवर आईचं किंवा पहिल्या बायकोचं नाव तसंच पडून राहतं. १९८३ च्या सरबती देवी निकालापासून तत्त्व हे आहे, की नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक वारसच. घटस्फोट झालेल्याने पहिल्याच आठवड्यात सगळे फॉर्म बदलावेत, एवढंच इथे पुरे.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न कसा सोडवला? अमेरिकेत केंद्रीय कर्मचाऱ्यांची पेन्शन राज्याच्या न्यायालयाने वाटायची आणि केंद्राच्या कार्मिक कार्यालयाने त्या आदेशानुसार घटस्फोटित जोडीदाराला थेट पैसे पाठवायचे, अशी पद्धत आहे. आदेश कसा लिहिला तर कार्यालय तो स्वीकारेल, याचे तपशीलवार नियमच छापलेले आहेत. त्यात बसणारा आदेश नसेल तर तो परत येतो. १९८४ च्या कायद्याने तिथे घटस्फोटित जोडीदाराला मृत्यूनंतरची पेन्शनही देता येते, ५५ वर्षांच्या आत पुनर्विवाह केला तर ती थांबते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये सैनिकी पेन्शन वाटता येणार नाही असं म्हटलं, तर पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून राज्यांना ती मुभा दिली. जर्मनीत १९७७ पासून लग्नाच्या काळात दोघांनी मिळवलेले पेन्शनचे हक्क घटस्फोटाच्या वेळी समान केले जातात. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००० पासून न्यायालय पेन्शनचा भाग तोडून दुसऱ्याच्या नावे स्वतंत्र करू शकतं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हा विरोधाभास घरातच दिसतो. तिच्या तिथल्या सरकारी नोकरीच्या पेन्शनमधून त्याला हिस्सा मिळतो, आणि त्याने इकडे केलेल्या आधीच्या नोकरीच्या पेन्शनवर तिथल्या न्यायालयाचा आदेश इथल्या कोषागाराला बांधत नाही.

दूर कशाला, गोव्यात जा. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली पद्धत अजून चालते: लग्नाआधी करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक, प्रत्येकाचा निम्मा वाटा. २०१६ मध्ये लागू झालेल्या गोव्याच्या वारसा कायद्याने ती चौकट राखली. महिन्याच्या पेन्शनला केंद्राच्या कायद्यांचं कवच तिथेही आहेच. पण जमलेल्या पैशांबद्दल, घराबद्दल, ठेवींबद्दल भांडण सुरू होतं ते अर्ध्यापासून. गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याच्या अलीकडे तेच भांडण शून्यापासून सुरू होतं.

उरलेल्या देशासाठी असा प्रयत्न एकदा झाला. २०१० च्या विवाह कायदा दुरुस्ती विधेयकात पत्नीला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत हिस्सा द्यायची तरतूद पुढे घालण्यात आली, राज्यसभेने ते ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केलं आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर ते संपलं. त्यातही भर स्थावरावर होता. नोकरदार मध्यमवर्गाची खरी संपत्ती जमिनीत कमी आणि पेन्शनमध्ये जास्त आहे, हे आमदार-खासदारांच्या लक्षात का येत नाही कोण जाणे. त्यांनाही पेन्शन असतं.

वाटणीविरुद्धचे आक्षेप हलके नाहीत. दोन वर्षं टिकलेल्या लग्नासाठी तीस वर्षांच्या नोकरीतला हिस्सा का? निवृत्तालाही जगायचं असतं, त्यालाही औषधं लागतात. आणि तिची स्वतःची नोकरी असेल तर? पहिल्याचं उत्तर सूत्रातच आहे: दोन भागिले तीस, त्याचं निम्मं, म्हणजे तिसावा भाग. दोघांनाही पेन्शन असेल तर दोन्ही हिस्से एकमेकांतून वजा करायचे. शिक्षक-शिक्षिकेच्या जोडप्यात पुष्कळदा उत्तर शून्याजवळ येईल आणि तसं येणं योग्यच. निवृत्ताच्या गुजराणीसाठी किमान रक्कम राखून ठेवता येईल, जशी पगाराच्या जप्तीत राखली जाते. मला स्वतःला पोटगीची पद्धत पूर्ण मोडावी असं वाटत नाही. दीर्घ लग्नाच्या शेवटी, कधीच नोकरी न केलेल्या साठीच्या बाईला सूत्रातल्या हिश्शापेक्षा जास्त लागू शकतं. पण हिस्सा आधी आणि गरज नंतर, असा क्रम हवा.

कायदा बदलेपर्यंत परस्परसंमतीच्या घटस्फोटात जे काही साधायचं ते करारनाम्यातच. तिथे एकरकमी घेणं बहुधा शहाणपणाचं, कारण पेन्शनमधून येणारा हप्ता त्याच्या आयुष्याला बांधलेला असतो. मुंबई उच्च न्यायालयाने एकरकमी पोटगी भांडवली प्राप्ती मानून करमुक्त धरली आहे, दरमहाची पोटगी मात्र उत्पन्न म्हणून करपात्र. दरमहाच घ्यायची असेल तर कलम २५ न्यायालयाला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवू देतं. सातबाऱ्यावर किंवा फ्लॅटवर तो बोजा चढवून घ्यावा. ‘यापुढे कोणताही हक्क सांगणार नाही’ हे छापील वाक्य शेवटी असतंच. त्याच्या वर जीपीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि पेन्शन या चार शब्दांचा उल्लेख आहे का, हे सही करण्याआधी पाहावं.

नव्या पिढीचा प्रश्न थोडा वेगळ्या वळणाने येतो आहे. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या (एनपीएस) खात्यात पगाराच्या १० टक्के त्यांचे आणि १४ टक्के सरकारचे जमतात. निवृत्तीला ६० टक्के रोख मिळतात आणि ४० टक्क्यांची वार्षिकी घ्यावी लागते. वाटणीच्या दृष्टीने हे खातं सोपं आहे. लग्नाच्या तारखेची शिल्लक आणि विभक्त झाल्याच्या तारखेची शिल्लक विवरणपत्रावर छापलेली असते, वजाबाकी कुणीही करावी. पण न्यायालयाच्या आदेशाने त्यातला भाग जोडीदाराच्या खात्यात वळता करण्याची सोय योजनेच्या नियमांत नाही. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रात आलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत पश्चात मिळणारी, पेन्शनच्या ६० टक्के रक्कम निवृत्तीच्या दिवशी जो कायदेशीर जोडीदार असेल त्यालाच मिळते. म्हणजे आता निवृत्तीची तारीख ही घटस्फोटाच्या खटल्यातली सर्वांत महत्त्वाची तारीख होऊन बसणार. २००५ नंतर पंचविशीत लागलेले शिक्षक आणि तलाठी २०३८ च्या सुमारास अठ्ठावन्नचे होतील. त्यांच्यातल्या घटस्फोटांचे दावे आताच कौटुंबिक न्यायालयांत चालू आहेत, आणि बहुतेक अर्जांत एनपीएसच्या खात्याचा क्रमांकसुद्धा मागितलेला नसतो.